दाराच्या कडीला पिशवी

दिघा
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

शमुवेल,

वर आधी सलाम लिहायचा असतो. पत्र वैऱ्याला असलं तरी सलामाशिवाय सुरू करायचं नाही, असं आई म्हणायची. आज माझा हात होत नाही. सलाम राहू दे.

फोन मुद्दाम करत नाही. अकरा वर्षांपूर्वी, त्या नाताळात करंज्या तळताना मी तुला नोकरी सोडू नकोस म्हणून सांगायला लागले, तर तू डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केलीस. कोणी प्रार्थना करत असलं की मध्ये तोंड उघडायचं नाही ही आपल्या घरची शिस्त. तू पाऊण तास थांबला नाहीस आणि माझे दोन घाणे करपले. कागदावर तुला तसं करता येणार नाही. म्हणून लिहिते.

आज दुपारी माझा तेजस तुझ्या उपासनेहून घरी आला. वालाचं बिरडं केलं होतं. पहिला घास घेतला आणि म्हणतो, "आई, मी नोकरी सोडतोय. मामासारखं विश्वासाने जगायचं ठरवलंय." जाई वाढत होती, तिचा डाव पातेल्यातच राहिला. सातवा महिना लागलाय तिला. माझी सून तशीच उठून आत जाऊन बसली.

शमू, त्या नोकरीसाठी त्याने काय केलंय तुला माहीत आहे का? न्हावा शेव्याच्या यार्डात चार वर्षं कंत्राटावर उन्हात उभा राहून कंटेनर मोजले. मग ते कंटेनर उचलायचं अवाढव्य मशीन शिकला. गेल्या वर्षी कुठे कायम झाला. जाईचं बाळंतपण कंपनीच्या मेडिकलमधून व्हायचंय. आणि हा म्हणतो, चोवीस तारखेला तुमच्याकडे सुगीचा सण आहे, लोक भोपळे-वांगी, अंडी-कोंबड्या आणून देवापुढे ठेवतील, त्यात मी माझ्या राजीनाम्याचं पाकीट ठेवणार. सोमवारी तेच उचलून ऑफिसात देणार. माझं पहिलं पीक, म्हणतो.

मी म्हटलं, अरे, खाणार काय? तर त्याने तू उपासनेत उभा राहून सांगतोस ती तुझी साक्ष पाठ म्हणून दाखवली. "मामाने अकरा वर्षांत एका माणसाकडे हात पसरला नाही. गरज फक्त देवाच्या कानात सांगितली. घरात पीठ संपायचं, मामा-मामी गुडघ्यावर जायचे, आणि सकाळी दाराच्या कडीला पिशवी! पृथ्वीवरच्या कोणाला ठाऊक नसताना!" सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातातला घास खाली ठेवला.

त्याला थांबव. माझं ऐकणार नाही, मी त्याच्या लेखी अविश्वासी म्हातारी आहे. तुझं ऐकेल. देवाने प्रत्येकाला तुझ्यासारखं बोलावलेलं नसतं, एवढं एक वाक्य बोल. वाटलं तर तुझ्या भाषेत बोल, मला चालेल.

आणि तुझ्या त्या पिशवीबद्दल मला जे माहीत आहे ते मला लिहायला लावू नकोस.

गोजरा


दिघा
सोमवार, ११ नोव्हेंबर

शमुवेल,

पत्राला पत्राने उत्तर द्यायचं असतं. तू तेजसच्या मोबाइलवर आवाज पाठवलास, आणि त्याने तो जाईसमोर, माझ्यासमोर, मोठ्याने लावला. "ताई, भिऊ नकोस. अकरा वर्षं ज्याने माझ्या कडीला पिशवी लावली, तो तेजसच्या कडीला लावणार नाही का? आकाशातली पाखरं बघ."

मी पाखरंच बघतेय रे. चांगली दिवसभर दाणे टिपत फिरतात. तुझ्यासारखी घरट्यात बसून साक्ष देत नाहीत.

आणि नाही, तेजसच्या कडीला पिशवी लागणार नाही. कारण लावणारीचा गुडघा गेलाय. ती मी होते, शमू. मी. तुझी ताई.

बसला का धक्का? आता सगळंच ऐक. तुझ्या साक्षीत ती पिशवी पहिल्यांदा नुसती पिशवी होती. मग "कोरी पिशवी" झाली. आता तेजस सांगतो, तिला म्हणे कसलासा सुगंध येतो. ती ऐरोलीच्या साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी आहे. तिचा एक बंद तुटलेला, तिथे मी परकराची नाडी लावून शिवलीय. नाडी हिरवी आहे, दोरा पांढरा, कारण हिरवा संपला होता. सुगंध कसला? सुकटीचा वास येत असेल. आत बाजरीचं पीठ, तुरीची डाळ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी, आणि काचेच्या बरणीत लसणाची चटणी. सुकट कधी असायची, कधी नसायची. दिवा कोळीवाड्याची चंद्राबाई मला नेहमी विचारायची, "येवरी सुकट कोनाला गो? तुमी तर मायलेक दोगंच." मी म्हणायचे, डब्याची ऑर्डर आहे.

बघ, देवाच्या नावाने तू तिखटमीठ लावलंस आणि तुझ्यापायी मी खोटं बोलले.

पहाटे चारला उठून लोकांचे डबे करायचे, ते पोरांच्या हाती दिले की ऐरोलीहून पनवेलची गाडी धरायची, खारघरला उतरायचं, रिक्षा परवडायची नाही म्हणून चालत तुझ्या सोसायटीपर्यंत. लिफ्टने चौथा मजला. बाहेरच्या जाळीच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवायची. बेल वाजवायची नाही. कारण त्या नाताळात तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "ताई, अविश्वासाच्या घरचा घास माझ्या पोटात जाणार नाही, आणि तू माझ्या दारात येऊ नकोस." मी आले दारात. पण तुला दिसले नाही.

खोटं वाटत असेल तर खाली जा आणि तुझ्या वॉचमनला जुनी रजिस्टरं काढायला लाव. गेटवर नाव लिहिल्याशिवाय सोडतात का कोणाला? गोजरा, दिघा, कामाचं कारण "डबा". तुझ्या देवदूताच्या सह्या आहेत त्यात, वाकड्यातिकड्या.

अजून एक. तीन वर्षांमागची तुझी ती साक्ष, जी सगळ्यांना पाठवत असतात. "सतत चार दिवस कडी रिकामी राहिली. लेकरू भुकेने झोपेना. देव आमच्या विश्वासाची परीक्षा घेत होता. पाचव्या दिवशी पिशवी आली." शमू, देव परीक्षा घेत नव्हता. मी तुझ्याच स्टेशनच्या जिन्यावरून पडले होते. वाशीच्या दवाखान्यात माझ्या पायाला प्लास्टर घालत होते. पाचव्या दिवशी मी वॉकर घेऊन आले. तुझा तो चमत्कार चार पायांच्या वॉकरवर आला होता.

तुझ्या पोरीचं, करुणाचं नाव त्या साक्षीत ऐकलं तेव्हा मी भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं. लेकरू भुकेलं आणि बाप परीक्षेचे पेपर तपासतोय! शेजारचं दार वाजवायचं होतंस. वाटीभर पीठ कोणीही दिलं असतं.

मला कोणी काही सांगत नव्हतं. तुझ्या घरात काय संपलं ते मी अंदाजाने ओळखायचे. ते विचारू नकोस.

आता तेजसला हे तू सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल, आई मला अडवायला रचून सांगतेय. कालच म्हणाला, "सैतान आपल्याच माणसांच्या तोंडून बोलतो." मी त्याची आई आहे, शमू, आणि जेवताना त्याने मला हे ऐकवलं.

गोजरा


दिघा
मंगळवार, १९ नोव्हेंबर

शमुवेल,

काल तुझी अर्पिता आली होती. करुणाला शाळेत सोडून थेट इकडे. चप्पल काढायच्या आधीच रडायला लागली. म्हणाली, "वन्सं, त्यांनी तुमचं पत्र वाचलं आणि मला एकच विचारलं, ताईला कोण सांगायचं? मी सांगितलं, मी."

मी तिचं नाव झाकलं होतं. तिने स्वतःच उघडं केलं. तिच्या अंगात तुझ्यापेक्षा जास्त हिंमत आहे हे लक्षात ठेव.

तर आता तेही लिहिते. तुमच्या दोघांची खोलीत प्रार्थना व्हायची, तू तुझ्या त्या मोठ्या आवाजात "प्रभो, तूच जाणतोस" म्हणायचास. ती आमेन म्हणून उठायची, बादली घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची आणि तिथून मला मिस्ड कॉल द्यायची. एक म्हणजे पीठ संपलं. दोन म्हणजे सगळंच संपलं. फोन उचलायचा नाही, बोलायचं नाही. बोललं तर ते माणसाकडे मागणं झालं असतं ना? बिचारीने तुझा नियम मोडला नाही, फक्त वाकवला. आणि खाली येऊन तुझ्या शेजारी परत गुडघ्यावर बसायची. अकरा वर्षं तिने घाबरत घाबरत तुझा संसार चालवला, आणि लोक म्हणतात पास्टरबाई किती शांत आहेत!

प्लास्टरच्या वेळी तिने चार दिवसांत नऊ मिस्ड कॉल दिले. माझा मोबाइल पडताना फुटला होता, एकही पोचला नाही; पाचव्या दिवशी मी अंदाजानेच आले होते. नववा कॉल देऊन ती गच्चीवरच बसून राहिली, असं काल म्हणाली.

इथपर्यंत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग तिने जे सांगितलं त्याने माझा हात थांबला.

म्हणाली, "त्यांना माहीत होतं, वन्सं. पहिल्या पिशवीपासून." पहिल्या दिवशी तू बरणी उघडलीस, चटणी भाकरीला लावलीस, आणि घास तोंडात धरून बसलास. आईची चटणी. लसूण भाजून, शेंगदाणे न घालता, शेवटी चिमूटभर चिंच. नगरपासून इथपर्यंत ती दोनच बायकांना येत होती, आणि त्यातली एक मातीखाली आहे. दोन दिवस तू त्या बरणीला हात लावला नाहीस. तिसऱ्या दिवशी सगळी पुसून खाल्लीस. आणि रविवारी उभा राहून म्हणालास, कोणा मनुष्याला ठाऊक नव्हतं.

अरे तुला! तुझी जीभ कशी रे झडली नाही!

मी समजत होते, भाबडा आहे माझा भाऊ. हट्टी आहे, पण मनाचा साफ आहे, त्याला खरंच वाटतं की वरून पडतं. त्या समजुतीवर मी स्टेशनचे जिने चढत होते. तुला माहीत होतं. दर वेळी माहीत होतं.

आता माझंही एक ऐक, मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आतल्या दाराला ते काचेचं भोक आहे. त्यातून घरातला उजेड बारीक दिसतो. मी पिशवी लावायचे आणि कितीदा तरी तो उजेड मधेच जायचा. कोणीतरी येऊन भोकाला डोळा लावून उभं राहायचं. मी स्वतःला सांगायचे, अर्पिता असेल. अर्पिता पाच फूटही नाही, शमू. तिचा डोळा तिथे पोचत नाही. मला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि मी कळून घेतलं नाही.

एका लाकडी दाराच्या दोन बाजूंना आपण उभे होतो. तू का नाही उघडलंस? "ताई, आत ये, पाणी घे" एवढं म्हणायला तुझ्या विश्वासाचं काय जात होतं? मी त्या वॉकरवर आले तेव्हाही तू आतून बघत होतास का? हे उत्तर मला नको, देऊ नकोस.

मला देवाबद्दल शिकवू नकोस. मीही त्याच्यावरच जगलेय. तेजसचे बाबा गेले तेव्हा मला कँटीनमध्ये कामाला कोणी लावलं? मी गुडघे टेकले, मग उठले, आणि रबाळ्यात चार गेटवर जाऊन विचारलं, काम आहे का. चौथ्यावर मिळालं. त्याला मी देवाने दिलं म्हणते, आणि गेटवरच्या माणसाचं नावही घेते. रोजची भाकर दे म्हणायला प्रभूनेच शिकवलं ना? म्हणजे मागायलाच शिकवलं. तुला मागायची लाज वाटते आणि तू तिला विश्वास म्हणतोस. नाकाने कांदे सोलायचं बंद कर.

आता नीट वाच. येत्या रविवारी सण आहे. मी येणार आहे. तेजस त्याचं पाकीट ठेवायच्या आत तू उभा राहायचं आणि पिशवी कोणाची होती ते सांगायचं. तुला ठाऊक होतं हेही सांगायचं. अर्पिताचं नाव घ्यायचं नाही, तिला मी शब्द दिलाय. नाही सांगितलंस तर मी उठेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

माझ्या येणाऱ्या नातवाचं दूध आता तुझ्या तोंडच्या शब्दावर आहे.

गोजरा


दिघा
सोमवार, २५ नोव्हेंबर

शमुवेल,

काल तू बोललास. पुढे उभा होतास, म्हणून मागचं तुला दिसलं नसेल. मी चपलांच्या रॅकपाशी बसले होते, तिथून सगळं दिसत होतं.

दोन टेबलं भाज्यांनी भरलेली. मुळे, दोडके, एक भला मोठा भोपळा, परातीत अंडी, टोपलीखाली कोंबडी. आपल्या गावच्या मिशनच्या देवळात असायचं तसंच. फक्त तिथली भाजी शेतातली असायची आणि ही वाशीच्या मार्केटची. तेजस गाण्याच्या आधीच पुढे गेला आणि पाकीट वांग्यांवर ठेवून आला. मला वाटलं, संपलं. तू साक्षीला उभा राहिलास तेच मुळात उशिरा, आणि सुरुवातही तीच. गुडघ्यावर गेलो. सकाळी कडीला पिशवी. मी पदर खोचला, उठायलाच निघाले होते. "पृथ्वीवरच्या कोणाला..." म्हणालास आणि थांबलास. लोकांना वाटलं तुला भरून आलंय. एकाने हालेलुया म्हटलं.

मग म्हणालास, "थांबा. हालेलुया म्हणू नका. पिशवी लावणारी तिथे चपलांजवळ बसलीय. ती माझी बहीण आहे. मी तिला म्हटलं होतं तुझ्या घरचा घास घेणार नाही. अकरा वर्षं तिच्याच घरचं खाल्लं, आणि दाराआडून बघत राहिलो. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

बसलास खाली. माइक चालूच होता, तुझा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं होतं, त्या क्षणी माझं काळीज थंड होईल. झालं नाही. कारण तेवढ्यात दुसऱ्या ओळीतले ते नंदकिशोर, नाव मला मागाहून कळलं, उभे राहिले. पिकलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट. हळू म्हणाले, "पास्टर, तुमची साक्ष ऐकून मी रिक्षा विकली की हो." एवढंच म्हणाले आणि बसले. तू मान खाली घातलीस. मला अजून तो आवाज ऐकू येतो. त्यांचं काय करणार आहेस? विचार कर. प्रार्थना करत कर, पण कर.

तेजस उठून बाहेर गेला. पाकीट तिथेच. सणाच्या शेवटी होतो तो भाज्यांचा लिलाव पुकारणाऱ्या पोराला काय करावं सुचेना, त्याने सवयीने टेबलावरून वस्तू उचलायला सुरुवात केली आणि त्याच्या हाती नेमकं ते पाकीट आलं. तेव्हा जाई उठली. पोट सावरत पुढे गेली, त्याच्या हातातून पाकीट घेतलं, म्हणाली, "ह्याचा लिलाव नाही," आणि पर्समध्ये टाकलं. इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती ती पोरगी.

मी जिन्यात गेले. तेजस खालच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले, बसताना गुडघा कडकड वाजला. मला वाटलं, आता म्हणेल, आई तू बरोबर होतीस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्यासमोर ती चटणी वाटायचीस तू. मी विचारलं की म्हणायचीस डब्याची ऑर्डर आहे. सहा वर्षं मी त्या साक्षीवर रडलोय, आई. घरी येऊन तुला सांगायचो. तू ऐकून घ्यायचीस. का नाही बोललीस?"

  त्याचं उत्तर आज तुलाच लिहावं लागतंय, कारण दुसऱ्या कोणाला ते समजणार नाही.

मला त्याची गोडी लागली होती, शमू. तेजस येऊन सांगायचा, मामा रडत होता, लोक उठून टाळ्या वाजवत होते, आणि मी भांडी घासत मनात म्हणायचे, वाजवा, माझ्यासाठीच वाजवताय. मला अविश्वासी म्हणणारा भाऊ दर रविवारी माझीच स्तुती गातोय आणि त्याला पत्ता नाही. ह्याच्यात मला काय सुख मिळायचं! बेल मीही वाजवली नाही. तू म्हणाला होतास दारात येऊ नकोस, हे खरं. पण तू कधीतरी दार उघडशील आणि मला कबूल करावं लागेल, तेव्हा ही गंमत संपेल, याचीही भीती होती.

तुला शिव्या देत इतके कागद काळे केले. त्यातल्या अर्ध्या मला लागू आहेत. उरलेल्या अर्ध्या तुझ्याच, त्या परत घेत नाही.

आज सकाळी तेजस पहिल्या शिफ्टला गेला. डबा मी भरला, त्याने घेतला. पाकीट जाईने चुलीत... चूल कुठली, गॅसवर धरलं आणि सिंकमध्ये टाकलं. त्याच्या समोरच. तो बूट घालत होता, बघत राहिला, मग लेस बांधली आणि निघाला.

त्याने काल रात्रीच तुझी उपासना सोडली. माझ्या देवळातही येणार नाही म्हणतो. आपण दोघांनी मिळून त्याची नोकरी वाचवली, आणि त्याची प्रार्थना घालवून बसलो. आता मला सांग, ह्याचा राग मी कोणावर काढू?

गोजरा


दिघा
गुरुवार, ५ डिसेंबर

शमू,

सलाम.

काल दुपारी अर्पिताचा मिस्ड कॉल आला. एक. मग थोड्या वेळाने दुसरा.

मला माहीत होतं हे येणार. तुझी निम्मी माणसं गेली असतील, दानाची थैली हलकी झाली असेल. खरं बोलल्यावर लोक टाळ्या वाजवत नाहीत, हे तुला आता कळलं असेल. करुणाची काळजी वाटली. मी मोबाइल हातात धरून बसले आणि मनात आलं, लागू दे भूक, बघू दे गंमत. दहा मिनिटं मी तशीच बसले होते. हे मी लपवत नाही.

मग पिशवी काढली. तीच पिवळी. उद्या शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत येईन, म्हणून हे पत्र डब्याच्या पोराच्या हाती आजच पाठवतेय.

पण ऐक. उद्या मी कडीला काही लावणार नाही. बेल वाजवणार आहे. तू त्या भोकाला डोळा लावून उभा राहू नकोस, मला उजेड गेलेला कळतो. अर्पिताला पाठवू नकोस, करुणाला पाठवू नकोस. तू स्वतः दार उघडायचं, आणि तोंडाने म्हणायचं, "ताई, घरात काही नाही, दे." एवढेच शब्द. त्यानंतर हवी तितकी प्रार्थना कर, मी डोळे मिटून उभी राहीन, मध्ये बोलणार नाही. माझा एकही घाणा तिथे करपत नाही. पण तू म्हणाला नाहीस तर पिशवी घेऊन मी परत जाईन. आणि ह्या वेळी मी खरंच जाईन, मला माझा राग माहीत आहे.

एक पिशवी वेगळी बांधलीय, नंदकिशोरांसाठी. त्यांचं घर मला माहीत नाही, तुला माहीत आहे. आपण दोघं जाऊ. बोलायचं काय ते तू ठरव, पण जायचं पायी, आणि त्यांच्या दाराचीही बेल वाजवायची.

तुझ्या जुन्या कंपनीच्या गेटवर मी विचारलेलं नाही. ते तुझं तू विचार. चौथ्या गेटपर्यंत थांबायची तयारी ठेव.

आता शेवटचं, आणि हे काल संध्याकाळचं आहे. तेजस शिफ्टहून आला. अजून माझ्याशी धड बोलत नाही, हूं आणि नाही, एवढंच. ओट्यावर पिवळी पिशवी बघितली, मोबाइलवरचे दोन मिस्ड कॉल बघितले. मी लसूण सोलत होते. त्याने हात धुतले, माझ्या पुढ्यातला पाटा आपल्याकडे ओढला आणि वाटायला बसला. मी म्हटलं, अरे, तू दमलायस, राहू दे. म्हणाला, "चिंच किती घालायची?"

मी सांगितली. त्याने तिप्पट घातली. मीठही जास्त झालंय. मी चाखून बघितली आणि तोंड वाकडं केलं नाही.

पीठ-डाळ माझी आहे. चटणी त्याची आहे. उद्या त्याला रजा नाही, यार्डात जहाजाचा माल यायचाय, नाहीतर तोच आला असता, असं मी म्हणते. तो तसं म्हणालेला नाही.

गुपचूप खा. साक्षीत सांगायची झाली तर नाव घेऊन सांग.

तुझी ताई